तीनदा परत आलेली रंगसंगती

चाळीस वर्षं पुलांचे नकाशे काढलेल्या अण्णांना बारीकशी चूकही खपत नसे. हाताखालच्या माणसाची एक रेघ केसभर जाड दिसली, तरी कागद परत. निवृत्तीनंतर परत पाठवायला कागदच उरले नाहीत, तेव्हा ते बायकोच्या वाणसामानाच्या यादीत चुका काढू लागले.

त्यांच्या लेकीनं दोन वर्षं खपून एक साधन तयार केलं होतं. वेबसाइटचे रंग, अक्षरं, मोकळी जागा, सगळं आपल्याला हवं तसं बदलून घ्यायचं. साधन फुकट, आतली सगळी रचना आणि कामांवरचे शेरे कुणालाही पाहता येतील असे उघडे. कुणीही आपली रंगसंगती पाठवावी, लेकीनं ती तपासून यादीत घ्यावी, असा तिथला रिवाज होता. पहिली आवृत्ती रविवारी निघणार होती.

अण्णांनीही एक रंगसंगती केली. सायीच्या रंगाच्या पानावर फिकट तपकिरी अक्षरं, त्यांच्या जुन्या नकाशांसारखी. पाठवली, आणि ती यादीत येणार म्हणून फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. ‘अक्षरं पार्श्वभूमीवर उठून दिसत नाहीत. नजर अधू असलेल्यांना वाचता येणार नाही. कृपया सुधारून पाठवा.’ त्या ‘कृपया’नं अण्णांना मिरची लागली.

बायकोनं लेकीला फोन लावला. “अगं, बाप आहे तो तुझा. घेऊन टाक की.”

“आई, कालच एका अनोळखी माणसाचं काम याच कारणासाठी परत पाठवलंय मी. अण्णांचं घेतलं तर त्याला काय तोंड दाखवू?”

अण्णा शेजारच्या खोलीत कान टवकारून बसले होते. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? त्यांनी मुकाट्यानं अक्षरं गडद केली. रंगसंगती पुन्हा परत आली, कारण साध्या मजकुरातून दुवे, म्हणजे लिंक, वेगळे ओळखू येत नव्हते. तेही दुरुस्त केलं, तर तिसऱ्यांदा परत. ‘माउस न वापरणाऱ्याला आपण कुठल्या बटणावर आहोत ते कळत नाही.’

“आता हे अतीच झालं,” अण्णा पुटपुटले. पण माउस बाजूला ठेवून त्यांनी नुसत्या कीबोर्डवर पान चालवून पाहिलं, आणि तिसऱ्या बटणाशीच वाट चुकले.

“पोरीचं बरोबर आहे,” ते बायकोला म्हणाले.

“शेरास सव्वाशेर भेटली म्हणा की,” ती म्हणाली.

शनिवारी चौथ्यांदा पाठवलेली रंगसंगती रविवारी सकाळी यादीत होती. शेजारी लेकीचा शेरा: ‘घेतली. आभार.’ अण्णांनी तो चारदा वाचला.

फिरायला गेल्यावर शेजारचे डॉक्टर हसत म्हणाले, “आलं म्हणे तुमचं काम. येणारच. दुकान लेकीचंच ना.”

अण्णा जागीच थांबले. खिशातून फोन काढून त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिला.

“वाचा. तीनदा परत पाठवलंय तिनं मला.”

डॉक्टर वाचता वाचता ओशाळले. “हे सगळ्यांना दिसतं?”

“सगळ्या जगाला,” अण्णा म्हणाले. “सावकाश वाचा. तिसरी चूक तर तिनं अशी पकडलीय, मलासुद्धा सापडली नसती.”