कोळशातले बूट

भरदुपारीच अंधारून आलं होतं. बचावनौकेच्या शेडवरून गड्यांना बोलावणारे दोन बार उडाले आणि कथबर्ट बूट शोधत घरभर फिरू लागला.

"इझबेल, दाराशीच ठेवले होते. कुणी हलवले?"

"मला काय विचारता? आपल्या वस्तू आपण सांभाळाव्यात!" पावाचं पीठ मळता मळता त्याची बायको म्हणाली.

बूट तिनंच कोळशाच्या पेटीत कोंबले होते. होय, कोंबले! गेल्या हिवाळ्यात नवरा छातीच्या दुखण्यातून कसाबसा उठलेला. आजच्या समुद्रावर गेला तर परत यायचा नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

हॉक्सविक गावच्या या नावेवर पगारी माणूस एकही नव्हता. आधी धावत पोचेल त्याच्या अंगात तरंगायचं बुचाचं जाकीट आणि त्यालाच नावेत जागा, पण एका घरातून एकच. बापलेक एकदम बुडून एक घर ओस पडलं, तेव्हापासूनचा हा दंडक.

शेवटी कथबर्ट मोज्यांवरच धावला. इझबेलही मागोमाग निघाली, कारण नाव वाळूवरून पाण्यात ओढायचं काम बायकांचं. जाकिटं संपलेली पाहून तिला लाज वाटली, पण हायसंही वाटलं.

"कुठं मेला होतास रे?" सुकाणूवाला म्हातारा ऑस्विन ओरडला. "तू येईनास, म्हणून तुझ्या ॲडमला घेतलं."

ॲडम, तिचा एकुलता एक! तो तर मासे विकायला पलीकडच्या गावी गेला होता. वादळाचं चिन्ह पाहून लवकर परतला होता कार्टा.

"उतर! बाबा आलेत तुझे!" ती किंचाळली.

"जाकीट उतरवायला वेळ नाही, बाई," ऑस्विन म्हणाला. "तिकडं जहाज फुटतंय, माणसं डोलकाठीला लटकलीत."

ॲडम वल्हं धरून हसला. "आई, बघतेस काय? ओढ की!"

तिच्या बाजूचा दोर ढिला पडला, तशी नाव कलली. बायका ओरडल्या. मग तिनं दोर धरला आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरून ओढला. नखांत अजून पीठ होतं.

नाव सापडली ती उपडी.

कोळसा घ्यायला गेलेल्या कथबर्टला बूट मिळाले. त्यानं ते पुसले, तेल लावलं आणि दाराशी ठेवले. तिला एका शब्दानं बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या, तर तिला रडता तरी आलं असतं.

पुढच्या खेपेला बार उडाले तेव्हा तिनंच बूट उचलून त्याच्या पायाशी ठेवले आणि दोर ओढायला निघाली.