राणीची गाळलेली पानं

“दोघींची मुंडकी उडवली, तरी ह्या राजाला पुन्हा बायको मिळालीच?” सुनेने शिलाई मशीन थांबवून विचारलं. “पोरी देणाऱ्यांची अक्कल कुठे चरायला गेली होती?”

“राजाला नाही कोण म्हणणार, बाई!” म्हणत सासूबाईंनी पान उलटलं.

रोज दुपारी हेच चालायचं. सासूबाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. ग्रंथालयातून इंग्लंडच्या राण्यांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणायचं आणि वाचता वाचता मराठीत सांगायचं, हा त्यांचा छंद. सून शेजारी बसून शाळेचे गणवेश शिवायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण कोणत्या राणीला कुणी छळलं हे शेजारच्या घरातल्या भानगडीसारखं तिच्या लक्षात राहायचं.

त्या राजाच्या राण्या मागेच संपल्या होत्या; आज त्याच्यानंतर दीडेकशे वर्षांनी झालेली राणी ॲन होती. तिचं लग्न झालं, नवरा भला निघाला, हे सासूबाईंनी छान रंगवून सांगितलं. मग दोन-तीन पानं एकदम उलटली आणि ॲनला थेट गादीवर बसवलं.

“आणि मुलंबाळं?”

“नव्हतं कुणी. पुढे ऐक—”

“आई, तुम्ही पानं गाळलीत.”

सासूबाई चष्मा पुसू लागल्या. भल्याभल्या पोरांना बाकावर उभं करणारी ही बाई, पण एका विषयाला घाबरायची. सुनेला मेलेली मुलगी झाली, त्याला आता बरीच वर्षं लोटली. ती शुद्धीवर यायच्या आत सगळं उरकलं होतं. घरी आली तर पाळणा नाही, झबली नाही, कुणाच्या तोंडून शब्द नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! सासूबाईंना ही माया वाटत होती. सुनेला मात्र, आपल्याला मूल झालं तरी होतं का, असं वाटायला लागलं होतं.

“वाचा ना.”

सासूबाईंनी वाचलं, वर्गात वाचावं तसं सपाट आवाजात. राणीला सारखे दिवस जायचे. काही मुलं पोटातच गेली, काही जन्मल्यावर. एक मुलगा जरा हाताशी आला, तोही गेला.

“सगळ्यांचं लिहून ठेवलंय?”

“हो. एक तर काही मिनिटंच जगला. त्याचंही नाव आहे इथे.”

सून हातातल्या बाहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, तुम्ही तिला हातात घेतलं होतंत ना? मला कुणी दाखवलीच नाही.”

“कशाला गं आता जुनं उकरून काढतेस?”

“राणीची सांगितलीत. आता माझी सांगा.”

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. त्यांना रडू आवरेना.

“केस होते गं. काळेभोर, दाट. हनुवटी थेट तुझी. मी तिला टॉवेलात घट्ट गुंडाळली, थंडी वाजेल म्हणून. वेडीच मी.”

“केवढी होती?”

सासूबाईंनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले. “एवढी.”

सुनेने गळ्यातली टेप काढली. एक टोक एका तळव्याला लावलं, टेप दुसऱ्या तळव्यापर्यंत ताणली आणि आकड्यावर नखाने खूण केली. मापात ती कधी चुकत नसे, तरी तिने पुन्हा मोजलं. तोवर सासूबाईंनी हात खाली घेतले नाहीत.