साहेबांचं पथ्य

"ससा," डॉक्टर म्हणाले.

"काय?" आत्यानं विचारलं.

"ससा चालेल. त्यानं जन्मात कधी खाल्लं नाही असं मांस हवं. कोंबडी बाधली, मासे बाधले, बकरा बाधला, बदकानं तर रक्त पडलं. उरलं काय?"

साहेब टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होते. साहेब म्हणजे आत्याचा बोका. एके काळी शेजारच्या कुत्र्याला जिना चढू द्यायचे नाहीत. आता नुसती हाडं टोचत होती, आणि वासाबद्दल न बोललेलंच बरं.

"सशाचं डबाबंद मिळतं का?"

"मागवावं लागेल. महिना तरी जाईल. याच्याकडे महिना नाही." डॉक्टर हात धुवायला लागले. "आधी वर्षभर वाटाण्याचा लगदा घातलात ना बाई, त्यानं आतड्याची वाट लागलीय. तत्त्वं तुमची, पोट त्याचं. नाहीतर इंजेक्शन देतो, सुटेल बिचारा."

"इंजेक्शन नको," आत्या म्हणाली आणि टॉवेलाचं टोक साहेबांच्या पायावर ओढलं.

माझी आत्या वीगन आहे. नुसती शाकाहारी नव्हे हं! दूध नाही, मध नाही, चामड्याची चप्पलसुद्धा नाही. ती माझ्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. बरण्या धुते, दिवे भरते, आम्ही फोडलेल्या काचा वेचते. शाळेत बेडूक कापणं बंद झालं ते तिच्यामुळे. विज्ञानाच्या बाईंनी बेडकांची बरणी मागितली, तर हिनं रिकामी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सोडले."

जेवताना बाबांना सगळं कळलं. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, तिला चिडवायची संधी सोडतील तर शपथ.

"मग अडलंय कुठं? शाळेचे दोन ससे आहेत की तुझ्याकडे! साहेबांना विचार, पांढरा घेणार की करडा?"

मला हसताना ठसका लागला. आई "काहीतरीच तुमचं" म्हणाली, पण तीही हसत होती. आत्या हसली नाही. बाबा चेष्टा करत होते, आणि तिनं ती चेष्टा म्हणून घेतलीच नव्हती.

ससे प्रयोगशाळेच्या मागं असायचे. शाळेला ती जागा हवी होती, म्हणून त्यांना घेऊन जा असं आत्यालाच सांगितलं होतं. तिनं कितीतरी जणांना विचारलं, कुणी घेईना. शेवटी आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पिंजरा धरून घरी आणला. फाटकापाशी पहिलीतली पोरं धावत आली.

"तुमच्या घरी नेताय? मग मजा करतील ते!"

आत्या थांबली. "नाही. एक बोक्याला घालायचाय."

एक पोरगा खो खो हसला. एका मुलीनं भोकाड पसरलं.

"अगं आत्या, सांगायचं कशाला?"

"विचारलं त्यांनी."

मोरीत तिनं सुरी आणि परात ठेवली. माझं डोकं अशा वेळी फार चालतं. म्हटलं, "प्रयोगशाळेतलं क्लोरोफॉर्म आणूया ना!"

"मांसात उतरतं. साहेब मरतील."

"मग खाटकाकडे दे."

"आणि मी बाहेर उभी राहू?"

"बरं. मग मी बघणार."

"नुसतं बघायचं नाही. धरायचं. जमत नसेल तर जा."

माझ्यासारखीला असं म्हणायचं म्हणजे! मी करड्याला धरलं. ऊबदार होता, आणि छाती अशी धडधडत होती की माझंच मनगट उडत होतं. मी त्याच्या कानामागं खाजवायला लागले.

"गोंजारू नकोस," आत्या म्हणाली. "त्याला खरं वाटेल."

मग तिनं केलं.

साहेबांनी उकडलेलं मांस हुंगलं आणि ताटली चाटूनपुसून लख्ख केली. रक्त थांबलं. दोन-चार दिवसांत खिडकीत उडीसुद्धा मारली! बाबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! पुढच्या वेळी एक तंगडी आमच्यासाठी पण ठेव गं ताई." आत्या तिची उकडलेली भाजी खात होती. साहेब तिच्या मांडीवर चढून गुरगुरायला लागले. तिनं त्यांना ढकललं नाही. हातही ठेवला नाही.

फ्रीजमधलं मांस संपत आलं. आत्यानं दुकानात फोन केला.

"सशाचा डबा अजून निघाला नाही? ... नाही, नाही. थांबून चालणार नाही हो. ... बरं." तिनं फोन ठेवला. मग मला म्हणाली, "रविवारी तू मोरीत येऊ नकोस."

एरवी मी "येणारच" म्हटलं असतं.

पांढरा पिंजऱ्याच्या तारेला नाक लावून बसला होता. त्याला भूक लागली असणार. मी पाला नळाखाली धुतला आणि मूठभर आत टाकणार, एवढ्यात आत्यानं माझं मनगट धरलं.

"ओला नको देऊस. पोट बिघडतं त्यांचं."

तिनं पाला माझ्या हातातून घेतला, पिंजऱ्याशेजारी फरशीवर बसली, आणि कुडत्याच्या टोकानं एकेक पान पुसायला लागली.