गोड बाजू

“हसू कमी पडलं, छोटी. पुन्हा एकदा.”

काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज हेडफोनमध्ये आला. छोटीने पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा माइकसमोर उभी राहिली. पडद्यावरची मुलगी आपल्या फाटक्या बुटाकडे बघत होती. तिचे ओठ हलले, तसे छोटीचेही हलले.

“बूट फाटला? बरंच झालं की! आता अंगठ्यालाही बाहेरचं दिसेल!”

“वा! असं पाहिजे. ऐकणाऱ्याच्या गालाला खळी पडली पाहिजे.”

स्टुडिओत सगळे तिला छोटी म्हणत, ते वयावरून नव्हे. तिशी ओलांडलेली, एका मुलीची आई असलेली बाई ती. पण गळा मात्र सातव्या वर्षीच अडकून राहिलेला. कॉलेजात ह्याच आवाजापायी नाटकातली नायिका हातची गेली होती आणि आता ह्याच आवाजाने तिला काम दिलं होतं. परदेशी मालिकांतल्या पोरांना ती आपल्या भाषेत बोलतं करी.

ही मालिका एका जुन्या, नावाजलेल्या कादंबरीवरची. आईबाप नसलेली एक मुलगी खडूस काकांकडे राहायला येते आणि पदोपदी विचारते, “ह्याची गोड बाजू काय?” छत गळलं, गोड बाजू शोध. जेवण करपलं, गोड बाजू शोध. असं करत करत ती अख्खं गाव सरळ करते. मालिका इतकी चालली, की दुकानदारापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच वाक्य. सुट्टे मागितले तरी लोक गोड बाजू दाखवू लागले.

घरी सहा वर्षांची भिंगरी आजीच्या मांडीला टेकून ती मालिका बघायची. पोटात होती तेव्हा गरगर फिरायची, म्हणून आजीने जन्माआधीच हे नाव ठेवलेलं. जन्मली ती डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. ऑपरेशन झालं, मग गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचे कडक पट्टे आणि खाली जड बूट. छोटी रोज संध्याकाळी तो बूट स्वतः काढी, पाऊल उजेडात धरून बघी. मुलगी शिंकली तरी जिच्या काळजात धस्स होई, ती बाई पायाच्या बाबतीत गाफील कशी राहील?

पण शेवटच्या भागांची घाई सुरू झाली, छोटीला घरी यायला उशीर होऊ लागला आणि बूट काढायचं काम सासूबाईंकडे गेलं.

“मोजे मी काढते, आजी,” भिंगरी म्हणायची.

“किती गं शहाणी माझी!” आजी म्हणायची.

एका सुट्टीच्या संध्याकाळी छोटीने बूट काढला. मोजा निघेना. घोट्यापाशी तो कातडीला चिकटला होता, आणि वाससुद्धा वेगळा येत होता. तिने पाणी लावून लावून मोजा सोडवला. आत पट्ट्याच्या कडेने घोट्याचं मांस खाल्लं होतं.

“कधीपासून दुखतंय?”

भिंगरीने आधी आईचा चेहरा वाचला, मग हसली. “नवा पट्टा आला ना, तेव्हापासून. पण आई, मी गोड बाजू शोधली. दुसरा पाय मुळीच दुखत नाही!”

दवाखान्यात जखम साफ करताना नर्स कौतुकाने म्हणाली, “गुणाची आहे हो अगदी. डोळ्यांत टिपूस नाही.”

“गुणाची कसली?” डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. “पहिल्याच दिवशी बोंबलली असती तर पट्टा तासून दिला असता, संपलं. आता महिनाभर पाय टेकायचा नाही. हाडापर्यंत गेलं नाही, हे नशीब समजा. पुन्हा असं लपवलं, तर पाय राखता येईल असं मी म्हणणार नाही.”

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कुणाचा, तेही तिला कळेना. पट्टा बनवणाऱ्याचा? नर्सचा? न रडणाऱ्या पोरीच्या गालावरून हात फिरवणाऱ्या यच्चयावत जगाचा?

घरी आल्यावर सासूबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, “पण पोर किती समजूतदार बघ. एका शब्दाने बोलली नाही.”

“समजूतदार नकोय मला, आई! रडकी पाहिजे. किरकिरी पाहिजे. आजूबाजूचे चार लोक वैतागले पाहिजेत, अशी पाहिजे!”

“अगं, माझ्यावर का ओरडतेस?”

“आई, चिडू नको ना,” पलंगावरून भिंगरी म्हणाली. “गोड बाजू बघ! आता महिनाभर शाळेला सुट्टी!”

तीच लकब. ‘बघ’वर तीच उडी, शेवटी तेच हसू. छोटीने माइकसमोर घासून घासून बसवलेलं. आपलाच आवाज पोरीच्या तोंडून परत येतोय, हे कळलं तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली.

“भिंगरी, दुखलं की सांगायचं. लगेच. कळलं?”

“पण ती नाही सांगत.”

“ती खोटी आहे.”

भिंगरी विचारात पडली. “मग तू खोटं बोलतेस?”

छोटीने तिच्या पायाखाली उशी सरकवली.

दोन दिवसांनी शेवटचा भाग होता. मुलगी घोडागाडीखाली येते, पाय लुळे पडतात. सगळं गाव खिडकीखाली जमतं, आणि ती वर बसून खुदुखुदु हसते. मग आनंदाच्या बळावर उठते, चालू लागते. डॉक्टर बघतच राहतात.

खिडकीतल्या दृश्यात मुलगी पाठमोरी होती. छोटीने हेडफोन चढवला. इशारा झाला. पडद्यावरची पाठ हलली आणि छोटी म्हणाली,

“दुखतंय. मला खूप दुखतंय.”

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकदादाचा हात बटणावर थबकला.

“हे काय?” दिग्दर्शक म्हणाले. “मूळ आवाजात हसू आहे.”

“पाठमोरी आहे ती, सर. ओठ दिसत नाहीत. हे चपखल बसतं.”

“बसतं म्हणून काहीही बसवायचं? हसू दे, घरी जाऊ.”

“पाय गेलेत तिचे. एवढीशी पोर, गाडी अंगावरून गेलीय, आणि हसते? कुणाला बरं वाटावं म्हणून?”

“अगं, पिढ्यान्‌पिढ्या लोक ही गोष्ट वाचून धीर घेत आलेत.”

“मोठी माणसं धीर घेतात, सर. पोर रडायची थांबली की मोठ्यांची सुटका होते. पोराचं काय होतं, ते कुणी मोजे काढून बघतं का?”

दिग्दर्शकांना मोज्यांचं काही कळलं नाही. माणूस वाईट नव्हता; त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हे बघ, चॅनेलला मुळाबरहुकूम लागतं. माझ्या हातात काही नाही. हसणार आहेस का?”

“नाही.”

“मग दुसरी बोलवावी लागेल. आणि पुढच्या मालिकेचंही मग अवघड होईल, छोटी.”

“बोलवा.”

तिने हेडफोन खुंटीला लावला. तिची पाण्याची बाटली घेऊन दादा दारापर्यंत आला. “इतकी वर्षं तुला ऐकतोय,” तो हळूच म्हणाला. “मोठ्या बाईचा आवाज आज पहिल्यांदा आला.”

शेवटचा भाग लागला तेव्हा भिंगरी उशीवर पाय ठेवून बसली होती. शेजारी आजी. छोटी खाली बसून जखमेवरची पट्टी सोडवत होती.

“आई, हा तुझा आवाज नाही.”

“नाही.”

“पण ही तुझ्यापेक्षा छान हसते.”

“हो,” छोटी म्हणाली.

तिने औषधाचा बोळा जखमेला लावला. भिंगरीच्या पायाची बोटं आवळली. ओठ दाबले गेले आणि मग त्यांच्या कडा, सवयीने, वर जाऊ लागल्या. छोटीने हात थांबवला. वाट बघत राहिली.

“काय होतंय?”

“काही नाही. जरा चुणचुणतंय.”

“चुणचुणतंय, की दुखतंय?”

भिंगरीने टीव्हीकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. आजीच्या तोंडावर ‘शहाणी ना माझी’ आलेलंच होतं. छोटीने वर बघितलं, तसं ते तिथेच राहिलं. भिंगरीचा खालचा ओठ थरथरला.

“दुखतंय,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

“नीट ऐकू नाही आलं. पुन्हा एकदा.”

“दुखतंय.”

“अजून मोठ्याने.”

“दुखतंय गं आई! खूप दुखतंय! लावू नको ना ते! नको!” आणि भिंगरीने भोकाड पसरलं. नाक, डोळे, सगळं एक झालं. छोटीने पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलं.

सासूबाईंनी रिमोट उचलला. थोडा वेळ चाचपडल्या, मग टीव्हीचा आवाज बंद केला.

पडद्यावरची मुलगी उठून चालू लागली होती. तिचं तोंड हसण्यासाठी उघडत होतं, मिटत होतं. घरात भिंगरीचा आवाज होता.