रात्रपाळीवाल्यांची खोली

मावशीला घर नव्हतं, पण नोकरी होती. आणि सगळी अडचण त्या नोकरीनंच करून ठेवली होती.

नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीतली, कायमची रात्रपाळी. दिवसभर वॉर्डांमधून खाली आलेल्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले रात्रीत धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे आणि उजाडायच्या आत गठ्ठे बांधून वर पाठवायचे. रुग्णालयात काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. पण लाँड्रीत नुसती 'मावशी' अशी हाक आली की बाकीच्या मान वर करत नसत. ती हाक हिचीच, असं ठरून गेलं होतं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून तो तसा झाला होता. तिचं हळू बोलणंसुद्धा शेजारच्या चार घरांना ऐकू जाई.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. मावशी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं एकटी राहायची. एका सकाळी कामावरून परतली, तर जिन्याला दोरी आडवी बांधलेली आणि तिची गादी, स्टोव्ह, पत्र्याची पेटी फुटपाथवर. मागच्या भिंतीला मोठा तडा गेला होता. आलेल्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत कुठंतरी सोय बघा. दुरुस्ती काही झाली नाही. इमारत पाडली आणि तिथं पत्र्याचं कुंपण उभं राहिलं.

दुसरी खोली बघायला गेलं की भाड्याचा आकडा ऐकूनच पायऱ्या उतराव्या लागत. काही दिवस तिनं लाँड्रीतल्या एका मैत्रिणीकडे काढले. पण मैत्रिणीच्या दोन खोल्यांत आधीच माणसांची दाटी, आणि दिवसा मावशी झोपली की मुलांना बाहेर पिटाळावं लागे. कुणी चकार शब्द काढला नाही, पण तिला कळत होतं. एक दिवस तिनं पेटी उचलली आणि बायकांच्या रात्रनिवाऱ्याची वाट धरली.

निवारा चांगला होता, हे तिनं नंतरही कधी नाकारलं नाही. स्वच्छ खाटा, अंघोळीला गरम पाणी, आणि तिथले व्यवस्थापक, ज्यांना सगळ्या 'सर' म्हणत, तेही अदबीनं बोलणारे. फक्त निवाऱ्याचं दार संध्याकाळी उघडायचं आणि सकाळी बंद व्हायचं. म्हणजे मावशी कामावरून गळून यायची, तेव्हा बाकीच्या बायका पिशव्या घेऊन बाहेर पडत असायच्या आणि तिच्या डोळ्यांदेखत दाराला कुलूप लागायचं. संध्याकाळी आत शिरून पाठ टेकावी, तर त्या वेळी सगळ्याजणी जेवत, बोलत, भांडत असायच्या. जरा शांत झालं की तिची पाळीची वेळ व्हायची. खाटेवर नाव तिचं, आणि रात्रभर खाट रिकामी.

मग दिवसा झोप मिळवणं हा तिचा दुसरा धंदाच होऊन बसला. बसचं शेवटच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढून ती खिडकीला डोकं टेकायची. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं, की परतीचं तिकीट. वाचनालयात वर्तमानपत्र तोंडासमोर धरून झोपण्याचा प्रयोग काही दिवस बरा चालला. मग एकदा ग्रंथपाल आवाज न करता जवळ आला, तिच्या हातातला पेपर त्यानं उलट्याचा सुलट करून दिला आणि म्हणाला, आता वाचायला सोपं जाईल. मावशी इतकी ओशाळली की पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नाही. रुग्णालयाच्याच बाह्यरुग्ण विभागात ती पेशंटच्या नातेवाइकाचा चेहरा करून बाकावर बसायची. एकदा नर्सनं कुणाचं तरी नाव पुकारलं, शेजारणीनं मदत म्हणून हिला गदागदा हलवलं, आणि मावशी झोपेतच जाऊन डॉक्टरसमोर बसली. डॉक्टरनं जीभ बघितली, छाती तपासली, काय होतंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, झोप येते. मग झोपा की, डॉक्टर म्हणाला. कुठं, ते काही त्यानं लिहून दिलं नाही.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोनवर मावशी सांगायची, मैत्रिणीकडे आहे, मजेत आहे. लेकीचा संसार एका खोलीत, तोही सासू-सासरे धरून. तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?

हे असं चालून चालून किती चालणार? एका पहाटे इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर ती चादर सरकवत होती. समोर दोन तापलेले रूळ फिरत होते, त्यांच्यात चादरीचं टोक द्यायचं आणि हात मागे घ्यायचा. शेकडो वेळा केलेलं काम. त्या पहाटे चादर पुढं गेली आणि हात मागे आलाच नाही. मावशी उभ्या उभ्या झोपली होती. मुकादमानं धावत येऊन तिचं मनगट धरलं नसतं, तर पुढचं बोलायला नको.

मुकादम जुना माणूस. त्यानं आरडाओरडा केला नाही. मशीन बंद केलं, तिला स्टुलावर बसवलं, चहा आणून दिला. मग म्हणाला, "मावशी, आज मी होतो. रोज असेनच असं नाही. झोपेची काहीतरी सोय करा. नाहीतर मला तुम्हाला मशीनवर उभं करता येणार नाही."

दिवसपाळी मिळेल का, तिनं विचारलं. दिवसपाळीत जागाच नव्हती.

निवाऱ्यातल्या बायकांचं म्हणणं पडलं, नोकरी सोडून दे, निदान रात्री खाटेवर पडशील तरी. त्या बिचाऱ्या चांगल्या मनानं सांगत होत्या. पण मावशीच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. नोकरी सोडली तर खाट मिळेल, पण मग खोली ह्या जन्मात मिळायची नाही. नोकरी धरून ठेवली, तर एक दिवस हात जायचा. बेघर बाईनं आधी बेकार व्हायचं, मग तिला झोपायला मिळणार, हा कुठला न्याय? आतापर्यंत तिला सगळ्याची लाजच वाटत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला, आणि रागानं तिची झोप पार उडाली.

ती तडक सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, पण नियम त्यांचा नव्हता. निवारा चालवणारं एक मंडळ होतं, त्या मंडळानं नियम केला होता. बायकांनी दिवसा बाहेर पडावं, काम शोधावं, असा त्यामागचा हेतू. येत्या बैठकीला या आणि तुम्हीच बोला, सर म्हणाले. पण जाता जाता त्यांनी एक विचारलं, अशा तुम्ही एकट्याच आहात ना? एकीसाठी मंडळ नियम बदलायचं नाही.

ते मावशीला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं झोपायचा प्रयत्नच केला नाही. खाटेवर बसून हॉलभर नजर फिरवत राहिली. एवढ्या कलकलाटात जी डोळ्यांवर ओढणी ओढून पडली असेल, ती आपल्यातली, हा तिचा हिशेब. तो बरोबर निघाला. एक पेट्रोलपंपावर रात्रभर गाड्यांत पेट्रोल भरणारी तरणी मुलगी होती. एक आया होती, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंजवळ रात्रीची बसायची. आणि एक आजी होती, बाजारात मध्यरात्री ट्रक आले की भाजी निवडायला जायची. चौघीजणी एकाच छताखाली राहत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या, कारण प्रत्येकीला वाटायचं आपलंच काहीतरी जगावेगळं आहे. आजी तर म्हणाली, मला वाटलं म्हातारपणी झोप कमी होते, म्हणून माझी होत नाही.

बैठक सकाळी होती. चौघी कामावरून थेट तिथं गेल्या आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर रांगेत बसल्या. लांब टेबलापाशी मंडळाची माणसं. मधोमध अध्यक्षबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शेजारी खजिनदार, ज्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी शंका असायची. आधी गळक्या टाकीचा विषय झाला, मग नवीन ब्लँकेटांचा. तो चालू असताना पंपवालीची मान मावशीच्या खांद्यावर कलली, आणि थोड्याच वेळात बारीक घोरणं ऐकू यायला लागलं.

खजिनदार खाकरले. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि काय झालं तिला, असं विचारलं. मावशी घाईघाईनं म्हणाली, काही नाही बाई, रात्रभर उभी होती पोर, आता उठवते.

"राहू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपण जरा हळू बोलू."

आणि खरंच, त्यापुढची सगळी बैठक कुजबुजत झाली. खजिनदारांनी आपली शंका कुजबुजत मांडली. दिवसा दार उघडं ठेवलं तर सगळ्याच येऊन पडून राहतील, मग काम कोण शोधेल? मावशीला आयुष्यात कधी कुजबुजता आलं नव्हतं. खांदा न हलवता, आवाज गळ्यात दाबून ती बोलायला लागली, आणि त्या दाबलेल्या आवाजामुळे सगळ्यांनी कान टवकारले.

"साहेब, मला काम शोधायचं नाही. ते मला सापडलेलं आहे. ते हातचं जाऊ नये म्हणून मला झोप पाहिजे. दिवसा झोपायला दिलंत तर मी माझं भाडं साठवीन आणि एक दिवस तुमची खाट मोकळी करून जाईन. नाही दिलंत, तर काम जाईल आणि मी जन्मभर तुमच्याकडेच राहीन. यातलं तुम्हाला काय परवडतं, ते तुम्ही ठरवा."

पंपवालीचं घोरणं तेवढं संथपणे चालू होतं. खजिनदार तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी काय पाहिलं कोण जाणे, पण पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि त्यात शंका नव्हती. मागच्या बाजूला मोडक्या खाटा ठेवलेली अडगळीची खोली आहे, ती चालेल का?

महिनाभर करून बघू, असं ठरलं. पंपवालीला उठवून सांगितलं, तेव्हा ती दचकून म्हणाली, आपली पाळी आली का बोलायची?

अडगळीची खोली रिकामी करायला निवाऱ्यातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. ज्यांना त्या खोलीचा काडीचा उपयोग नव्हता, त्यासुद्धा पदर खोचून उभ्या राहिल्या. जळमटं काढली, फरशी खसाखसा घासली. एका मोडक्या खाटेचे पाय दुसरीला जोडून चार धड खाटा तयार झाल्या. मुकादमानं रुग्णालयातली बाद झालेली जाड ब्लँकेटं परवानगी काढून दिली. आयानं ती काळी रंगवून खिडक्यांना लावली. भर दुपारी खोलीत रात्र झाली.

पहिल्या सकाळी मावशी निवाऱ्यापाशी आली, तेव्हा नेहमीसारखीच बायकांची रांग बाहेर पडत होती. ती सवयीनं बाजूला उभी राहिली. पण रांगच थांबली. पुढच्या दोघी भिंतीला सरकल्या, त्यांच्या मागच्याही सरकल्या, आणि मधून वाट मोकळी झाली. मावशी त्या वाटेनं आत गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती खाटेवर पडली आणि जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. क्षणभर तिला कळेचना, आपल्याला काय झालंय. मग लक्षात आलं, काहीच दुखत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं लेकीला फोन करून सगळं खरं सांगितलं. लेक आधी रडली, मग चांगली फाडफाड बोलली, मग पुन्हा रडली. चार दिवसांनी ती स्वतः आली, खोली बघितली, आईचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "आई, तू लपवलंस ते मी विसरणार नाही. पण तू भांडलीस, तेही सगळ्यांना सांगत सुटणार आहे."

महिना संपला तेव्हा बंद करायचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. उलट मंडळानं खोलीचं रीतसर उद्घाटन ठरवलं. एक बडे पाहुणे बोलावले, फीत आणली, खुर्च्या मांडल्या, आणि सवयीनं वेळ ठेवली सकाळची. पाहुणे आले, तर सर दाराला पाठ लावून उभे, ओठांवर बोट. आत सगळ्या झोपल्यात, म्हणाले, आणि मी उठवणार नाही. अध्यक्षबाईंना हसू आवरेना. खजिनदारांनीच पाहुण्यांना बाजूला घेऊन समजावलं, आणि कार्यक्रम संध्याकाळवर ढकलला. संध्याकाळी फीत मावशीनं कापली. तिला दोन शब्द बोलायला सांगितले. तिनं खणखणीत आवाजात सांगितलं की दोनच बोलते, मला कामावर जायचंय, आणि निघाली. मागे लोक कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते.

त्याच वर्षात शहरातल्या आणखी दोन निवाऱ्यांनी दिवसाची खोली सुरू केली. मावशीनं आपला शब्द पाळला. तिनं आणि पंपवालीनं मिळून एक खोली भाड्यानं घेतली, तळमजल्यावरची, छोटी, पण नळ आतच. घरमालकीण सुरुवातीला जरा घुटमळली. दोघी बायका, आणि रोज रात्री घराबाहेर? मावशीनं तिला आपलं काम काय, पंपवालीचं काय, सगळं सविस्तर सांगितलं. ऐकता ऐकता घरमालकीण म्हणाली, माझं ऑपरेशन त्याच रुग्णालयात झालं होतं, चादरी कशा परीटघडीच्या असायच्या! मावशी म्हणाली, असणारच.

पहिल्या सकाळी ती कामावरून आली. स्वतःच्या किल्लीनं कुलूप उघडलं, चपला दाराशी काढल्या, हातपाय धुतले. बाहेर रस्ता जागा होत होता, रिक्षा धडधडत होत्या, कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हाका मारत होतं. मावशीनं दाराला आतून कडी घातली आणि कुणालाही न विचारता झोपून गेली.