कुसाबाईच्या मांडीतली सळई

कॉलेजात धातुशास्त्र शिकवणारा गोरक्ष झोपेतून उठायचाच मुळी थकलेला. कित्येक वर्षं तो एका धातूच्या मागे लागला होता. मॅग्नेशियमचा मिश्रधातू, त्यावर हाडातल्याच क्षारांचा पातळ लेप. मोडलेलं हाड जुळेपर्यंत सळईनं टिकायचं आणि मग अंगातच विरघळून जायचं, अशी कल्पना. प्रत्यक्षात खारट पाण्याच्या बरणीत टाकली, की लेपाला तडे, नुसते बुडबुडे, आणि हाड जुळायच्या कितीतरी आधी सळईचा भुगा. नाकी नऊ आले होते बिचाऱ्याच्या.

त्यात दोन हजार चार साली त्याची आई, कुसाबाई, पंचवटीतल्या घरी न्हाणीत घसरली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, स्टीलची सळई घालू. म्हातारी हटून बसली. रामकुंडात माणसाच्या अस्थी विरघळतात; तिथं लोखंड घेऊन जायचं नाही म्हणजे नाही. जन्मभर अंथरुणावर पडून राहीन, म्हणाली. तेव्हा गोरक्ष बोलून गेला, "आई, माझीच सळई घालतायत. विरघळणारी." मग काय, लगेच तयार झाली. सळई अर्थातच स्टीलची गेली.

तेव्हापासून दर सणाला विचारायची, "विरघळली का रे?" तो म्हणायचा, "होतेय हळूहळू." खोटं बोलून बोलून त्याला स्वतःचाच वीट आला होता.

यंदा गुडघा सुजला म्हणून एक्स-रे काढला. तिथल्या माणसानं फिल्म उजेडात धरली. सळई जशीच्या तशी, पांढरीशुभ्र. कुसाबाईनं नीट बघून घेतलं.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तुझा लेप लय पक्का बसलाय म्हणायचा." तिनं पुढं विचारलं, "पण माझ्याआधी विरघळंल ना?"

आता मात्र त्याला रेटवेना. "ती साधी स्टीलची आहे, आई. माझी अजून बरणीतसुद्धा टिकत नाही."

रिक्षा भाजीबाजाराच्या गर्दीत अडकली होती. कुसाबाईनं विचारलं, "काढता यायची नाय?"

"तुझ्या हृदयाला दुसरं ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात."

"मग राहू दे. मी गेल्यावर सावडायला तूच जा. राखेतनं ती तुझ्या हातानं वेच, माझ्या हाडांबरोबर पाण्यात सोडू नको."

"बरं."

"आणि पहाटंच जा, कुणी यायच्या आत. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, माझ्या लेकाची सळई हाय म्हणून."