सनदच्या तिवरांत उभी राहिलेली काठी

मित्रांनो, दिवसभर उन्हात ताठ उभं राहायचं आणि लांबून कोणीतरी आपल्याला दुर्बिणीतून उलटं बघायचं, असा उद्योग तुमच्यापैकी किती जणांना आवडेल? मी तो आनंदाने केला. मी एक जुनी लाकडी मोजकाठी आहे. जमिनीचे चढउतार मोजणारे लोक मला 'स्टाफ' म्हणतात. माझ्या पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे आकडे आहेत. आमच्या दुर्बिणीत सगळं खाली डोकं वर पाय दिसायचं, त्यामुळे साहेबांनी मला जन्मभर शीर्षासनात पाहिलं. तरी माझा तोरा काही उतरला नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. सुताराने मुरलेलं सागवान निवडलं, रंगाऱ्याने श्वास रोखून एकेक आकडा काढला आणि मला खोक्यात निजवून बहरीनच्या जहाजावर चढवलं. तो सत्तरच्या दशकाचा मध्य होता. बेटावर बांधकामांची नुसती धांदल चालली होती. मनाम्यातले रस्ते, जनाबियातले बंगले, जिथे पाया खणायचा तिथे आधी मी हजर. मला धरायचं काम देवगडच्या पांडुरंगाचं होतं. "हलू नको गो बाय," असं तो मलाच सांगायचा, आणि हलायचा मात्र स्वतः. काम नसलं की त्याचे सोबती मला दोन खाटांवर आडवी टाकून बनियनं वाळत घालत. तेवढा अपमान मी गिळला.

खरी गोष्ट पुढेच आहे. १९८३ साल होतं. उत्तरेकडे लढाई पेटली होती, समुद्रातल्या तेलविहिरी फुटल्या होत्या आणि तेलाचा काळा तवंग बेटांकडे सरकत होता. सनद गावालगतच्या खाडीत तिवरांचं रान आहे. खारं पाणी पिऊन हिरवीगार राहणारी ती झाडं मला फार आवडतात. त्यांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. अहमद नावाचा गावातला मच्छीमार खाडीत काड्यांचं कुंपण रोवून मासे धरायचा. "झाड काला हुआ तो मछली खलास, मैं भी खलास," असं त्याने आमच्या हेमचंद्र साहेबांना सरळ सांगितलं.

हेमचंद्र साहेब पुण्याचे इंजिनियर. भरतीचं पाणी खाडीत कुठून शिरतं आणि कुठवर चढतं, याचा नकाशा त्यांना करायचा होता. तेल अडवायची तरंगती भिंत एकच होती आणि ती समोरच्या रुंद तोंडाला लावायचं जवळजवळ ठरलं होतं, कारण नकाशावर दुसरं तोंडच नव्हतं.

आता आमची फजिती ऐका. पांडुरंगाने कोकणातला हिशेब मांडला. "सायबानु, आज पुनव. तिथी पंधरावी, पंधराची पावणपट केली की अकरा-साडेअकराक भरती. दोन वाजता गेलो तर पाणी सांजेपर्यंत भायरच जायत ऱ्हवतला." देवगडात तिथीवरून भरती अशीच काढतात आणि तिथे ती चुकत नाही. पुण्याला समुद्र नाही. साहेबांनी बंदराचं वेळापत्रक उघडलंच नाही.

आम्ही पोचलो तर चिखल पार उघडा पडलेला. भरती नुकतीच झाली म्हणायची आणि पाणी इतक्या लवकर गेलं कसं, अशी शंका दोघांना यायला हवी होती. उलट पांडुरंगाची छाती फुगली. साहेब काठावर दुर्बीण लावून बसले आणि पांडुरंग मला घेऊन खाडीच्या मधोमध गेला. बरीच मोजणी झाली, तोच काठावरून अहमद हात हलवत ओरडला, "यल्ला, बाहर आओ! पानी आता है!"

"अरे चाचा, अभी पानी जाता है!" पांडुरंग हसून म्हणाला. तेवढ्यात त्याचे घोटे भिजले.

बहरीनच्या समुद्राचं घड्याळ देवगडाहून निराळं. पुनवेची भरती ती, बघता बघता गुडघ्यापर्यंत आली. त्याने मला चिखलात घट्ट खुपसलं आणि काठाकडे धूम ठोकली. एक चप्पल माझ्या पायाशीच रुतून राहिली. मी एकटी पडले. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं, पण लाकडाला ती सोय नाही.

साहेब मात्र दुर्बिणीला डोळा लावूनच होते. पाणी माझ्या अंगावर एकेक आकडा चढत होतं आणि ते वाचत होते. इतक्यात चिखलातली चप्पल सुटली आणि तरंगत निघाली.

"सायबानु, माझी चप्पल बघा! भायर चल्ली ती!"

"जाऊ दे रे, नवीन घेऊन देतो."

"तसा न्हय हो! पाणी वाढता ना? मग चप्पल आत येवक होयी. ही समुद्राकडे कित्याक जाता?"

साहेब ताडकन उभे राहिले. समोरून पाणी यायच्या आधीच मागून येत होतं! तिघेही खाडीच्या मागच्या बाजूच्या रस्त्याकडे पळाले. तिथे टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाआड रस्त्याखालचा एक जुना रुंद नळ लपला होता आणि त्यातून पलीकडच्या समुद्राचं पाणी खळाळत आत येत होतं. अहमदही तोंडात बोट घालून बघत राहिला, कारण तो ढीग पडल्यापासून हा नळ बुजला असंच त्याला वाटत होतं.

मनाम्याच्या ऑफिसात नकाशा काढायचं काम लीनाबाई करायच्या. "किती सुबक काढली होती हो मी ही रस्त्याची रेघ!" असं म्हणत त्यांनी ब्लेडने शाई खरवडली आणि तिथे नळ दाखवला. समोरच्या तोंडाला तरंगती भिंत लागली, मागच्या नळापुढे गावकऱ्यांनी वाळूची पोती रचली. पाण्यावर लक्ष ठेवायला मला पोत्यांच्या बाहेरच्या बाजूला रोवलं. मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

थोड्या दिवसांनी तेल आलं. समोरच्या भिंतीशी त्याचे चार-दोन पुंजके लागले. जाड, काळा, चिकट पट्टा आला तो मागून, नळाकडूनच. तो मला चिकटला, माझे तांबडे आकडे त्याने गिळून टाकले आणि पोत्यांशी येऊन थांबला. आत एक थेंब गेला नाही. पोती काढल्यावर पहिल्या भरतीचे मासे घेऊन अहमद ऑफिसात आला आणि टोपली थेट लीनाबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या आधी किंचाळल्या आणि मग सगळ्यांबरोबर हसत सुटल्या.

पुढे हलकी ॲल्युमिनियमची काठी आली आणि मी कोपऱ्यात गेले. माझी तक्रार नाही. अधूनमधून कोणीतरी चांगल्या मनाने रॉकेलचा बोळा घेऊन माझा काळा पट्टा पुसायला येतं, आणि पांडुरंग त्याला हाकलून देतो.

मित्रांनो, तुम्हीही तो पुसू नका. माझी काळजी घ्यावीशी वाटली तर सनदला जा. तिथे खाडी बुजवत दगडमातीचे ट्रक अजून रिकामे होतात, त्यांना अडवा. तिवरांच्या खोडांवर बोट फिरवून बघा. माझ्या अंगावर आहे तसा काळा पट्टा तिथल्या एकाही झाडावर नाही.